पिकअपमध्ये टचस्क्रीन बसवायची आहे, कोणती घेऊ?

पऱ्हाटी (घाटंजी)

राम राम मंडळी. मागच्या दिवाळीनंतर बोलेरो पिकअप घेतली, सेकंडहँड, २०१८ चं मॉडेल. कापसाच्या दिवसांत जिनिंगवर फेऱ्या, बाकी वर्षभर गावातला भाजीपाला नागपूरला कळमन्याच्या बाजारात. रात्री दहाला निघायचं, पांढरकवड्याला हायवेला लागायचं, वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी करत पहाटे यार्डात.

गाडीत आधीच्या मालकानं लावलेला पेनड्राइव्हचा डबा आहे. खड्डा आला की तो गाणं पहिल्यापासून सुरू करतो. आपल्याकडचे रस्ते पाहता अजून एकही गाणं शेवटापर्यंत गेलेलं नाही. बाबा म्हणतात, "याले पुढचं कडवं पाठ नाही काय?"

तर आता टचस्क्रीन लावायची आहे. बजेट पंधरा हजार, फार तर दोन हजार वर. यवतमाळला एका दुकानदारानं १० इंची दाखवली: अँड्रॉइड १३, ८ जीबी रॅम, १२८ जीबी मेमरी, ५० वॅट गुणिले ४ (चार स्पीकरला प्रत्येकी ५०), वर कॅमेरा फुकट. सगळं मिळून ९,५००. मामेभाऊ म्हणतो डोळे झाकून घे. मला पाहिजे ते एवढंच: फोन हात न लावता उचलता यावा, नकाशा दिसावा, मागचा कॅमेरा असावा. आणि रेडिओ. बाबा शेजारी बसतात, त्यांना आकाशवाणी नागपूर लागते, एएमला ५८५ वर. ती नाही लागली तर स्क्रीन माझी, पण गाडीत बसायचं त्यांनाच आहे.

डॅशमधला खाचा लहान आहे, जुन्या टेपच्या मापाचा.

कॅरेटवाला (वरूड)

भाऊ, दाहा इंची घेऊ नोको. म्या घेतली होती.

लहान खाच्यात बसते ते म्हणजे डबा आत आन् स्क्रीन बाहेर मानेवर. दुकानात लय झकास दिसते. संत्रा भरून गाडी जाते तवा कायी होत नाही, वजनानं गाडी दबून चालते. पन माल उतरवून रिकामी वापस येते ना, तवा खालचे पाटे (स्प्रिंगा) असे उडवतात का स्क्रीन नंदीबैलावानी मुंडी हालवते. गुबुगुबु. चार महिन्यात मानेचा इस्क्रू ढिला झाला. म्या त्याच्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबला. मंग एसीची हवा त्या स्क्रीनच्या पाठीवर, आन् चारी इंडिकेटरचं बटन स्क्रीनच्या मांगं. रात्री घाटात गाडी बंद पडली तं बटन चाचपून राह्यलो होतो.

मले इचारशीन तं सात इंची, डॅशमंदी गच्च बसनारी.

हिंजवडी रिटर्न (मूळ अकोला, सध्या पुणे)

९,५०० मध्ये ८/१२८? त्या किमतीत तेवढ्या रॅमचा नुसता फोन मिळणंही कठीण, आणि इथे वर १० इंची काच, कॅमेरा आणि मजुरी आहे. सेटिंगमधल्या 'अबाउट' पानावर काय लिहिलंय यावर जाऊ नका. ते पान बनवणारा त्याला हवं ते लिहितो. अँड्रॉइड १३ लिहिलेलं असतं आणि आत ८ किंवा १० निघतं, हे नेहमीचं आहे. दुकानातच सीपीयू-झेड नावाचं ॲप टाकून पाहा. चिपच्या जागी ८२२७एल असं काही दिसलं तर ती सगळ्यात हलकी चिप. नकाशा आणि गाणं एकत्र चालवलं की दम टाकते. यूआयएस ७८६२ असेल तर चांगली, पण ती या किमतीत येत नाही.

खरं तर तुम्हाला आत अँड्रॉइड लागतच नाही. फोनमधलं अँड्रॉइड ऑटो स्क्रीनवर दाखवणारं साधं युनिट घ्या. डोकं फोनचं, स्क्रीन गाडीची. फोन बदलला की डोकं नवं. सोनी, पायोनिअर, केनवूड, जेबीएल सगळ्यांची साधारण सात इंची मॉडेलं अशीच असतात. वायरलेस असेल तर बरं, खड्ड्यांत केबल निसटते.

खामगाव एक्सप्रेस

व्हिडिओ चालतो का त्यात? चालवता चालवता?

तारजोड (अमरावती)

खामगाव, तुमचा प्रश्न नंतर घेतो, मनावर घेऊनच घेतो.

पऱ्हाटी, बेटा, मी ३१ वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं. आता गुडघे नाही म्हणतात म्हणून डॅशखाली शिरत नाही, पण सांगू शकतो.

आधी पट्टी घेऊन खाचा मोज. जुन्या टेपचं माप, म्हणजे सिंगल डिन, १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच. सात इंचीला डबल डिन लागतं, १८० बाय १००. पुष्कळ गाड्यांत टेपच्या खाली एक रिकामा कप्पा असतो, चिल्लर आणि पावत्या ठेवायचा. तो निघाला की दोन्ही मिळून डबल डिनची जागा होते. तुझ्यात तसा कप्पा आहे का पाहा. नसेल आणि फिटर म्हणाला "कापून देतो", तर काय कापणार ते आधी दाखवायला सांग. आतली पत्र्याची पट्टी कापली की डॅश कायमचा कुरकुरतो. खोलीही मोज. मागे एसीचा डक्ट असतो. आता बरीच युनिटं सीडी नसल्यामुळे आखूड येतात, तीच घे.

आता तो "५० गुणिले ४". शाळेतलं गणित आहे. गाडी चालू असताना बॅटरीवर १४.४ व्होल्टच्या आसपास असतात. त्यातून स्पीकरला जास्तीत जास्त १४.४ भागिले १.४१४, म्हणजे १०.२ व्होल्ट मिळतात. त्याचा वर्ग १०४, स्पीकर ४ ओहमचा, म्हणून चारनं भागून २६ वॅट. यात अँप्लिफायरची स्वतःची गळती धर, हातात येतात १८ ते २० वॅट. युनिटच्या पाठीवरचा फ्यूज पाहा, १० अँपिअरचा असतो. दहा गुणिले १४.४ म्हणजे १४४ वॅट, तेही स्क्रीन धरून. यातून २०० वॅट कुठून काढणार? सगळ्या कंपन्या असंच छापतात, त्यामुळे त्या आकड्यावरून निवडू नकोस. आवाज सुधारायचा असेल तर दारातले कागदाचे स्पीकर बदल, दोन हजारात काम होतं.

वायरिंगवर उद्या लिहितो, जेवायला बोलावताहेत.

दूधगाडी (आर्वी)

मी चार वर्षं दुधाची पिकअप चालवते, रोज ४० गावांचे कॅन. माझ्याकडून दोन गोष्टी ऐका, बाकी पुरुष मंडळी वॅट मोजत बसतील.

एक, आवाजाला फिरवायचं बटन असलेलंच युनिट घ्या. गोल, हाताला लागणारं. खडबडीत रस्त्यावर काचेवरचं बोट जिथे टेकवायचं तिथे टेकत नाही. आवाज कमी करायला जाता आणि कुणाला तरी फोन लागतो. माझा एकदा डेअरीच्या सुपरवायझरला लागला होता, आणि मी तेव्हा त्याच्याबद्दलच बोलत होते.

दुसरी, ऊन. दुकानात ट्यूबलाइटखाली सगळ्याच स्क्रीन छान. मी दुकानदाराला म्हटलं, युनिट बाहेर आणा. बॅटरीला जोडून दुपारी बाराला फुटपाथवर पाहिलं. दोन स्क्रीन काळ्या आरशासारख्या झाल्या, माझं तोंड दिसत होतं. तिसरी दिसली, ती घेतली. ती आयपीएस जातीची होती, बाजूनं पाहिली तरी नीट दिसणारी. ड्रायव्हरच्या बाजूनं तिरपं पाहूनही रंग उलटत नाहीत ना, हेही तेव्हाच बघून घ्या. तुम्ही स्क्रीनसमोर कधीच बसत नाही, डाव्या हाताला असते ती.

आणि ओल्या हातानं टच नीट चालत नाही. माझे हात कायम ओले. पुन्हा बटनच.

पऱ्हाटी (घाटंजी)

ताई, फुटपाथची आयडिया भारी. हे डोक्यातच आलं नव्हतं.

काका, खाचा मोजला. खाली कप्पा आहे, त्यात मागच्या मालकाचं २०२१ चं पीयूसी आणि वाळलेली सुपारी सापडली. कप्पा काढल्यावर १८० बाय १०३. म्हणजे जमतं ना?

तारजोड (अमरावती)

जमतं. सुपारी खाऊ नकोस.

वायरिंग. हे नीट वाच, कारण युनिट कोणतंही घेतलं तरी गाडी जळते ती जोडणीमुळे.

पिवळी वायर म्हणजे कायम चालू, थेट बॅटरी. लाल म्हणजे किल्ली फिरवली की चालू. काळी बॉडी अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला. निळी एरियलच्या बूस्टरला, नारिंगी हेडलाइट लावल्यावर स्क्रीन मंद करायला. स्पीकरच्या पांढरी, करडी, हिरवी, जांभळी, आणि प्रत्येकीची जोडीदार काळ्या पट्टीची. पिकअपला पुढचे दोनच स्पीकर असतात. मग पांढरी आणि करडी वापरायची, हिरव्या-जांभळ्यांची टोकं एकेक वेगळी बंद करायची. आळशी फिटर चारही उघडी सोडतो आणि ती आतल्या आत एकमेकींना लागतात.

पिवळी आणि लाल उलट लागली तर दर वेळी गाडी बंद केली की घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात. दोन्ही एकत्र करून बॅटरीला दिल्या तर युनिट कधीच झोपत नाही आणि आठवड्यात गाडी ढकलायची वेळ येते. दोन्ही प्रकार मी इतके पाहिलेत की गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आत सांगायचो.

स्पीकरची काळ्या पट्टीची वायर म्हणजे अर्थ नव्हे. ती बॉडीला टेकली की आतली अँप्लिफायरची चिप गेली. जुन्या गाड्यांत कुणीतरी स्पीकरची एक बाजू बॉडीला मारलेली असते, म्हणून जुनं वायरिंग तपासल्याशिवाय नवं युनिट लावू द्यायचं नाही.

गाडीचा मूळ कपलर (सगळ्या वायरींचा एकत्र प्लग) असेल तर कापू देऊ नकोस, त्याला जुळणारा कपलर शे-दोनशेला मिळतो. नसेल तर जोड क्रिंप (दाबून बसवलेला) किंवा सोल्डर (डाख दिलेला), वर हीट-श्रिंक नळी, गरम केली की आवळते ती. वेटोळं आणि त्यावर काळी टेप हे पुण्यात चालत असेल. आपल्याकडे मे महिन्यात टेपचा गोंद पातळ होऊन ओघळतो, टेप सुटते, तार उघडी. पिवळ्या वायरला बॅटरीजवळ वेगळा १५ अँपिअरचा फ्यूज घाल. युनिटमागचा फ्यूज युनिटला वाचवतो, वायरला नाही.

आणि उंदीर. गाडी गोडाऊनमध्ये, सोयाबीनच्या चुंगड्यांशेजारी उभी राहते ना? सगळ्या वायरी कोरुगेटेड (वळ्यावळ्यांच्या) पाइपात.

हिंजवडी रिटर्न (मूळ अकोला, सध्या पुणे)

पुण्यात पण टेप ओघळते काका.

तारजोड (अमरावती)

तिथे ओघळायला ऊन कुठे आहे.

मेळघाटी (धारणी)

मी वेगळं सांगतो. स्क्रीन घेऊच नका. ब्लूटूथचा साधा टेप अडीच-तीन हजारात, फोनला एक मजबूत स्टँड, झालं. मी परतवाडा ते धारणी तेच चालवतो. उरलेल्या पैशात एक टायर येतो.

दूधगाडी (आर्वी)

मेळघाटी भाऊ, तुमच्याकडे जंगलाची सावली आहे. आमच्याकडे एप्रिलमध्ये फोन काचेसमोर लावला की अर्ध्या तासात "फोन गरम झाला आहे" म्हणून स्वतःच बंद. नेमका चौकात. स्क्रीन असली की फोन सीटखाली गार राहतो.

मेळघाटी (धारणी)

हे मात्र खरं. आमच्याकडे उलटा त्रास आहे, नेटवर्कचा. सेमाडोहच्या पुढं नकाशा पांढरा पडतो. म्हणून ज्याला कुणाला स्क्रीन घ्यायचीच आहे त्यानं आपल्या भागाचा नकाशा घरी वायफायवर उतरवून ठेवावा. आपण कुठं आहो ते सांगायला नेट लागत नाही, ते सॅटेलाइटवरून येतं. नेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला. युनिटला वेगळी जीपीएसची अँटेना आली तर ती डॅशवर काचेखाली चिकटवा. एका भावानं ती डॅशच्या आत पत्र्याखाली टाकली होती, नकाशात त्याची गाडी कायम तापी नदीत.

फोनवर बोलायचा माइकही बाहेरचा घ्या, डोक्याजवळ खांबाला लावा. युनिटमधला माइक समोरच्याला फक्त डिझेल इंजिन ऐकवतो.

खामगाव एक्सप्रेस

माझ्या व्हिडिओचं काय झालं?

तारजोड (अमरावती)

युनिटला एक हँडब्रेकची वायर असते. हँडब्रेक ओढलेला असेल तरच व्हिडिओ चालतो, अशी ती कंपनीनं ठेवलेली असते. सगळे फिटर ती अर्थला मारून देतात, गिऱ्हाईक खूश. मी देत नसे. दोन गिऱ्हाइकं गेली त्यापायी, जाऊ दिली. हातात फोन धरून गाडी चालवणं २०१९ च्या दुरुस्तीपासून कलम १८४ मध्ये धोकादायक चालवण्यात धरलंय. आणि डॅशवर सात इंची सिनेमा लावून चालवणाऱ्याचं काय होतं ते मी कायद्याच्या पुस्तकात नाही, तळेगावच्या वळणावर पाहिलंय. कळमन्यात नंबर लागेपर्यंत तीन तास असतात, तेव्हा बघा पाहिजे ते.

खामगाव एक्सप्रेस

बरं बावा. उभ्या गाडीत पाहीन.

कॅरेटवाला (वरूड)

बॅटरीचं अजून एक. माही गाडी मृग बहाराच्या अन् आंबिया बहाराच्या मधात पंधरा-पंधरा दिवस उभी राह्यते. स्क्रीन आल्यापासून दोनदा बॅटरी झोपली. काऊन होते हे?

तारजोड (अमरावती)

तुमचं युनिट पूर्ण बंद होत नाही, डुलकी काढतं. किल्ली फिरवल्यावर दोन सेकंदांत चालू व्हावं म्हणून कंपनी तसं ठेवते. सेटिंगमध्ये झोपेचा वेळ असतो, तो कमीत कमी करा किंवा पूर्ण बंदवर टाका.

मोजायचं असेल तर गाडी बंद, दारं बंद, वीस मिनिटं थांबा. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि केबल व बॅटरीच्या मध्ये मल्टीमीटर लावा, आधी १० अँपिअरच्या भोकात. मल्टीमीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर उडेल. युनिटचा फ्यूज काढून आणि लावून दोन्ही आकडे पाहा. १०० मिलिअँपिअरचा फरक आला तर दिवसाला २.४ अँपिअर-तास जातात. पंधरा दिवसांत ३६. जुन्या ७० च्या बॅटरीला तेवढं पुरे आहे. मोजमापात पडायचं नसेल तर गाडी लावली की निगेटिव्ह सोडा, सोपं.

कॅरेटवाला (वरूड)

१४० आलं काका. थांबा, फ्यूज काढून पाह्यतो... २० आलं. म्हंजे तेच खाऊन राह्यलं होतं बेटं. झोपेचा टाइम 'नेव्हर' वर होता. कोनं केला असंन?

पोट्ट्यानं.

पऱ्हाटी (घाटंजी)

कॅमेऱ्याचं कुणी सांगेल का? फुकटवाला घेऊ की वेगळा? आणि लावायचा कुठं?

दूधगाडी (आर्वी)

फाळक्यावर (हौद्याच्या मागच्या झडपेवर) लावू नका, एवढंच. माझा फाळक्यावर होता. पहिल्याच दिवशी पोरानं फाळका खाली सोडला, कॅमेरा फाळका आणि बंपरच्या मध्ये. चटणी. आता नंबर प्लेटच्या वर, चेसिसला पट्टी वेल्ड करून आत दडवलाय. पावसाळ्यात काळी माती चिकटते. रोज कॅन धुताना एक तांब्या त्याच्यावर पण.

तारजोड (अमरावती)

कॅमेऱ्याची जात युनिटला चालते का ते आधी विचार. जुने साधे असतात, नवे एएचडी, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राचे. एएचडी कॅमेरा साध्या युनिटला लावला तर निळा पडदा दिसतो आणि फिटर कॅमेऱ्याला शिव्या घालतो. करंट रिव्हर्स लाइटवरून घ्यायचा, आणि तिथूनच एक बारीक वायर पुढे युनिटला, म्हणजे गिअर टाकला की चित्र आपोआप येतं. वायर सायलेन्सरच्या उलट्या बाजूनं न्यायची.

कॅमेरा आला तरी मागं हमाल उभा आहे का ते उतरून पाहायचंच. कापूस भरल्यावर आरशात फक्त कापूस दिसतो म्हणून कॅमेरा लागतो, पण त्याला बाजूचं दिसत नाही.

हिंजवडी रिटर्न (मूळ अकोला, सध्या पुणे)

उष्णतेवर कुणी बोललं नाही अजून. बऱ्याच युनिटच्या पत्रकात चालण्याचं तापमान ६० अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं. बाहेर ४५ असताना बंद काचेची केबिन सहज त्याच्या वर जाते. त्यामुळे दुपारी गाडीत बसल्या बसल्या स्क्रीन लावू नका. दारं उघडा, पाच मिनिटं वारा जाऊ द्या, मग किल्ली. पार्किंगमध्ये काचेला पुठ्ठा. आणि आतल्या अँड्रॉइडवाल्या युनिटला मागे पंखा किंवा जाड ॲल्युमिनियमचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा ठोकळा) आहे का ते उलटं करून बघा. फक्त पत्रा असेल तर ठेवून द्या.

खामगाव एक्सप्रेस

पुठ्ठा कशाला, ओला गमछा टाका स्क्रीनवर.

तारजोड (अमरावती)

ओला नको रे बाबा.

पऱ्हाटी (घाटंजी)

मंडळी, झालं. काल बसवून आलो.

यवतमाळच्या त्या दुकानात आधी गेलो. सीपीयू-झेड टाकतो म्हटल्यावर दुकानदार म्हणाला नेट बंद आहे. माझ्या फोनवरून नेट देतो म्हटल्यावर म्हणाला, साहेब, तुम्ही दुसरीकडं पाहा. मग नागपूरला माल टाकून आलो तेव्हा तिथल्या एका दुकानात तासभर बसलो. तीन युनिटं फुटपाथवर आणायला लावली. दुकानातला पोरगा हसत होता, मालक मात्र स्वतः एक्स्टेन्शन घेऊन आला. सात इंची, आयपीएस, आखूड, फिरवायचं बटन, वायरलेस अँड्रॉइड ऑटो. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाही तर इथं दोन पार्ट्या पडतील. कॅमेरा वेगळा घेतला, माइक बाहेरचा. कपलर, फ्यूज, पाइप, मजुरी धरून १७,६००. बजेट मोडलं. घरी १५ सांगितलंय.

फिटरनं वेटोळं करायला घेतलं तेव्हा काकांचा मेसेज वाचून दाखवला. तो म्हणाला, हे अमरावतीचे काका कोण, आमच्या उस्तादांसारखं बोलतात. मग मुकाट्यानं सोल्डर काढलं.

नकाशा, फोन, कॅमेरा सगळं फर्स्ट क्लास.

पण रेडिओ नाही. ५८० लागते, ५९० लागते, ५८५ लागतच नाही. एफएमला विविध भारती १००.६ वर, तीही नाही. १००.५ नंतर उडी मारून १००.७. बाबा बुटीबोरीपासून घरापर्यंत खिडकीबाहेर पाहत आले. एक शब्द नाही. फिटरला फोन केला, तो म्हणतो एएम आता कुणी ऐकत नाही.

हिंजवडी रिटर्न (मूळ अकोला, सध्या पुणे)

एएम युनिटमध्ये आहे हेच नशीब. काहींत आता नुसतं एफएम येतं. पण हा प्रकार मलाही नवीन आहे. ट्यूनर खराब?

तारजोड (अमरावती)

ट्यूनर ठणठणीत आहे. तुझी गाडी अमेरिकेत आहे.

रेडिओच्या सेटिंगमध्ये विभाग निवडायचा असतो. अमेरिकेत एएमची स्टेशनं दहा-दहाच्या अंतरावर असतात: ५८०, ५९०, ६००. आपल्याकडे नऊ-नऊच्या. ५८५ ला ९ नं भाग जातो, ६५ वेळा. दहाच्या पायरीवर उभा राहून ५८५ कसं सापडेल? एफएमचंही तेच. तिकडे फक्त विषम आकडे, १००.५, १००.७. शंभर पूर्णांक सहा त्यांच्या हिशेबात नाहीच.

सेटिंग, रेडिओ, रीजन. इंडिया नसेल तर एशिया किंवा युरोप. तिथे दिसत नसेल तर फॅक्टरी सेटिंगमध्ये असेल, त्याचा पासवर्ड फिटरकडून घे. आणि लायटरमधला मोबाइल चार्जर काढ. त्याच्या किरकिरीनं एएम बसतं.

पऱ्हाटी (घाटंजी)

काका!!

युरोप केलं. पहिल्या झटक्यात ५८५. थोडी खरखर होती, चार्जर काढला, गेली. वावरातून गाडी आणत होतो, बाबा मागं हौद्यात बसले होते फवाऱ्याच्या पंपाजवळ. तिथून ओरडले, "वाढव!" बटन फिरवलं. (ताई, बटनासाठी पुन्हा धन्यवाद.) बातम्या संपेपर्यंत गाडी बांधावरच उभी ठेवायला लावली.

दूधगाडी (आर्वी)

😄

कॅरेटवाला (वरूड)

झकास झालं भाऊ. तो जुना पेनड्राइव्हचा डबा फेकला काय? माह्या ट्रॅक्टरले पायजे होता.

पऱ्हाटी (घाटंजी)

ठेवलाय. घेऊन जा. पण गाणं पहिल्यापासूनच वाजते.

कॅरेटवाला (वरूड)

चालते. ट्रॅक्टरवर तसंही ऐकू कोनाले येते.